पाळकाची सुट्टी

पाळकाला सुट्टी का लागते, हे त्याचा आठवडा पाहिला की कळते. इतरांच्या सुट्टीचा रविवार हा त्याचा सर्वांत जड दिवस. सकाळची उपासना, कुणाच्या बाळाचा बाप्तिस्मा, उपासनेनंतर चर्चच्या दारात अडवून सांगितलेली भाऊबंदकीची तक्रार, दुपारी दवाखान्यात पडलेल्या माणसासाठी प्रार्थना. सणासुदीला काम दुप्पट होते आणि मे महिना लग्नांत जातो. सोमवार बऱ्याच ठिकाणी त्याचा मानतात, पण मयताची खबर वार पाहून येत नाही. त्यात पाळकगृह चर्चच्या आवारातच असले, तर घरी बसूनही तो कामावरच असतो. म्हणून त्याच्या विश्रांतीला जागा बदलावी लागते, काही दिवस गाव सोडावे लागते.

याला शास्त्राधार आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात शिष्य फेरीवरून परततात, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गर्दीत त्यांना जेवायलाही सवड नसते. येशू त्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी, हा लेवीय पुस्तकातला नियमही याच वळणाचा. हार्वर्ड विद्यापीठाने १८८० मध्ये प्राध्यापकांसाठी सुरू केलेल्या सॅबॅटिकल रजेची कल्पना याच नियमावर बेतलेली होती. पाश्चात्त्य देशांतल्या काही चर्चनी पुढे ती पाळकांसाठीही स्वीकारली.

धर्मसेवकाने ठरावीक काळ नेहमीचा क्रम थांबवायचा, हे पुण्याजवळच्या मावळाला मात्र फार जुने आहे. सोमाटणे फाट्याजवळच्या शेलारवाडीच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत.  भाजे, बेडसे आणि कार्ल्याप्रमाणे हीही भिक्षूंच्या निवासाची जागा. एरवी फिरणाऱ्या भिक्षूने पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचे, हा वर्षावासाचा नियम. निकडीचे काम निघाले तर बाहेर जायला मुभा असे, पण सात दिवसांत परतायचे. पाळकाची गोष्ट उलटी आहे: तो वर्षभर एका जागी बांधलेला, म्हणून त्याची विश्रांती प्रवासात. दोन्हीकडे ती स्वतःच्या लहरीवर सोडलेली नाही.

कॅथॉलिक चर्चमध्ये तर तिचा कायदाच आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ५३३व्या कलमाप्रमाणे, गंभीर अडचण नसेल तर, पॅरिशच्या धर्मगुरूला वर्षाकाठी एक महिन्यापर्यंत सुट्टी घेता येते, सलग किंवा तुकड्यांत. आठवड्याहून जास्त दिवस बाहेर राहायचे तर बिशपना कळवायचे. गैरहजेरीत पॅरिशची सोय कशी लावायची, याचे नियम बिशपनी घालून द्यायचे. वार्षिक ध्यानसाधनेचे दिवस सुट्टीत मोजत नाहीत. ही वजाबाकी न करणे फार शहाणपणाचे आहे. ध्यानसाधना हाही सेवेचाच भाग असतो. तिथे मौन असते, प्रवचने असतात, दिवसाचे वेळापत्रक असते. सुट्टीत माणसाने उशिरा उठावे, डोंगर चढावा, आईवडिलांकडे राहावे. खंडाळा-लोणावळ्याला येशूसंघीयांची निवासस्थाने आहेत, ती अशा दोन्ही कारणांसाठी उपयोगी पडत आली.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास इतका सरळ नाही. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल मायदेशी कधीच परतले नाहीत. १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रचारफेरीत पटकीने त्यांचा मृत्यू झाला. त्याच मिशनचे रॉबर्ट विल्सन ह्यूम प्रकृती खचल्यावर मायदेशी निघाले, पण १८५४ मध्ये वाटेत जहाजावरच वारले. अशा मृत्यूंनी मिशन संस्थांना धडा दिला. काही वर्षांच्या सेवेनंतर मायदेशी दीर्घ रजा हा प्रघात पडला आणि उन्हाळ्यात महाबळेश्वरला जाणेही. अर्थात त्या रजेतही आराम थोडाच असे. वेगवेगळ्या चर्चमध्ये भाषणे देऊन मिशनसाठी निधी जमवावा लागे.

मायदेशीची रजा परदेशी माणसासाठी होती. मराठी पाळक आपल्याच देशात राहत होता, म्हणून ती त्याच्या वाट्याला आली नाही. ही उणीव साधी नव्हती, कारण दमणूक दोघांची सारखीच होती. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारायला घेतला. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची ती वाट विसाव्याची नव्हती, नव्या सेवेची होती. पण नेमून दिलेल्या कामापासून दूर झाल्यावर धर्मसेवकाला काय सुचू शकते, हे त्यातून दिसते.

आज छोट्या मंडळीच्या पाळकाची सुट्टी मुख्यतः बदली माणसावर अडते. उपदेश मंडळीतला एखादा वडील करू शकतो. प्रभुभोजनाला बहुतेक ठिकाणी दीक्षित पाळकच लागतो, म्हणून शेजारच्या पाळकाशी आधी बोलून ठेवावे लागते. त्याचा प्रवासखर्च मंडळीने उचलायचा, सुट्टीवरच्या पाळकाचे वेतन चालू ठेवायचे, आणि आजारपण किंवा मयत झाल्यास फोन कुणाला करायचा ते रविवारी सर्वांसमोर जाहीर करायचे. ही तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तेवढे ठरले नाही तर पाळक महाबळेश्वरला पोचूनही दिवसभर फोनवरच असतो. पाळकाच्या पत्नीलाही हेच लागू आहे: महिला सभा आणि रविवारची शाळा बहुधा तिच्याकडे असते, तेव्हा बदलीची सोय तिच्या कामांचीही करावी लागते.