क्रियेच्या वाटेवरील मध्यस्थ

संगणकाच्या आज्ञावलींत बँकेचें खातें ही एक वस्तु, तर पैसे काढणें ही तिची क्रिया होय. तपासणी व नोंद यांचा मजकूर प्रत्येक क्रियेंत पुनःपुन्हा लिहिण्याऐवजीं तिच्या वाटेवर एक मध्यस्थ योजितात, तोच मिडलवेअर. मूळ क्रियेस हात न लावतां नवें काम जोडण्याच्या अशा युक्तीस वॉरन टाइटलमन यांनीं १९६६ सालच्या प्रबंधांत ‘सल्ला’ या अर्थाचें नांव दिलें. मध्यस्थाचीं पथ्यें तीन : तपासणी पटल्यास मूळ क्रियेस पाचारण करणें, खातें कोणतें हें तिला कळविणें आणि तिचें उत्तर परत पोंचविणें. जावास्क्रिप्टमध्यें दुसरें पथ्य चुकल्यास ‘धिस’ हा निर्देश तुटतो. मग पैसे कोणत्या खात्यांतून काढावयाचे, हेंच क्रियेस उमगत नाहीं. खिडकीवरील कारकुनानें चौकशी अवश्य करावी. चिठ्ठीवरील खात्याचा क्रमांक मात्र पुसूं नये.