अंगावरच्या खुणांनी ओळखलेला डॉक्टर

मेहकरच्या एका वस्तीतल्या बुद्धविहारात दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार होता. वंदना झाली, भाषणे झाली. एका मुलीला नीटच्या परीक्षेत चांगले गुण पडलेत, एमबीबीएसला नंबर लागेल असे सगळे म्हणत होते. तिला पुष्पगुच्छ देताना मागे बसलेल्या एका आजीने मोठ्याने विचारले, "डाक्टर झाल्यावर येशीन ना व माय इकडं?" सगळे हसले. मुलगी लाजली, पण काही बोलली नाही.

आजींचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रात्री बाळंतीण अडली, की "अकोल्याला न्या" किंवा "घाटीत न्या" हे शब्द वस्तीने किती वेळा ऐकले असतील! मग गाडी शोधा, उसने पैसे मागा. आपल्या समाजात डॉक्टर आता कमी नाहीत, पण बहुतेक पुण्या-मुंबईला असतात. १९५६ साली आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला असे बाबासाहेब म्हणाले होते, हे आपण दरवर्षी जयंतीला सांगतो. तरी सगळा दोष मुलांच्या माथी मारणे आम्हाला पटत नाही. राहायला धड खोली नाही, औषधांचा साठा नाही, अशा ठिकाणी कोण टिकेल? पण परत येणे म्हणजे काय असते, ते एका माणसाने दाखवले आहे. त्याची गोष्ट आम्हाला या पानावर सांगायची आहे.

हकीम वर्कनेह इशेते हे त्याचे नाव. देश इथिओपिया, म्हणजे आपल्या जुन्या लोकांचे हबसाण. दौलताबादच्या परिसरात ज्याचे नाव आजही घेतात तो मलिक अंबर तिथलाच, गुलाम म्हणून विकला गेलेला. वर्कनेहही आपल्या देशातून उचलला गेला, पण वेगळ्या रीतीने.

इथिओपियाचा सम्राट तेवोद्रोस याने काही इंग्रजांना मगदला या डोंगरी किल्ल्यावर कैद केले होते. त्यांना सोडवायला इंग्रजांनी १८६७-६८ मध्ये मोठी फौज पाठवली. तिचा सेनापती रॉबर्ट नेपियर हा मुंबईच्या फौजेचा सरसेनापती. जहाजे मुंबईहून सुटली. तोफा डोंगरावर चढवायला हिंदुस्थानातून हत्तीसुद्धा नेले होते. मुंबईच्या फौजेत त्या काळी आपले महार शिपाई असत. त्यातले कोणी त्या डोंगरावर चढले असतील, हे लिहिताना आम्हाला अभिमान वाटावा की वाईट, ते कळत नाही. १३ एप्रिल १८६८ रोजी किल्ला पडला आणि सम्राटाने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्या धामधुमीत तीनेक वर्षांचे एक पोर आईबापांपासून तुटलेले सापडले. चेंबरलेन नावाच्या कर्नलने ते उचलून हिंदुस्थानात आणले.

पुढे चेंबरलेन वारला. मार्टिन नावाच्या दुसऱ्या कर्नलने मुलाच्या शिक्षणाचा खर्च उचलला. दोघांच्या नावांवरून मुलाचे नाव पडले चार्ल्स मार्टिन. अमृतसरच्या मिशनच्या शाळेत तो शिकला आणि १८८२ मध्ये लाहोरच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला. पुढचे शिक्षण स्कॉटलंडला झाले. मग ब्रह्मदेशात सरकारी नोकरी, बरा पगार, मान. स्वतःची भाषा तो पार विसरला होता. आईबापांची नावे सांगणारेही कोणी जवळ नव्हते.

१ मार्च १८९६ ला अडवाच्या लढाईत इथिओपियाने इटलीच्या फौजेचा पराभव केला. आफ्रिकेतल्या काळ्या माणसांनी युरोपच्या एका राज्याला हरवल्याची बातमी जगभर गेली. ब्रह्मदेशातल्या या डॉक्टरच्या मनाने तेव्हा घेतले, की आपण तिकडे जायचे. काही वर्षांत तो अदिस अबाबाला पोहोचला. तिथे तंबू ठोकून त्याने रोगी तपासायला सुरुवात केली. रोग्याशी बोलायला मध्ये दुभाषी लागे. आपल्याच माणसांना "कुठे दुखते?" हे विचारायलाही तिसरा माणूस! मगदलाहून हरवलेले पोर डॉक्टर होऊन आलेय, ही बातमी फिरत फिरत त्याच्या घरच्यांपर्यंत गेली. म्हातारी आजी आली. तिने त्याच्या अंगावरच्या लहानपणच्या खुणा पाहिल्या आणि आपले नातवंड ओळखले. तेव्हा त्याला कळले, की आपले नाव वर्कनेह.

यानंतर तो एकदम कायमचा राहिला असे नाही. नोकरी ब्रह्मदेशात होती, पोट तिच्यावर होते. तो परत गेला, १९०८ मध्ये पुन्हा आला, पुन्हा गेला. १९१९ च्या सुमारास नोकरीतून मोकळा झाल्यावरच तो कायमचा देशात आला. आम्हाला हा भाग महत्त्वाचा वाटतो. एका झटक्यात सगळे सोडून येणारा माणूस सभेत सांगायला बरा असतो. जमेल तसे, तुकड्यातुकड्याने परत येणाऱ्याकडे मात्र कोणी पाहत नाही.

आधुनिक वैद्यक शिकलेला पहिला इथिओपियन डॉक्टर म्हणून त्याचे नाव घेतात. लोक 'हकीम' म्हणू लागले, आणि हकीम नुसत्या औषधावर थांबले नाहीत. त्या देशात तेव्हाही माणसे गुलाम म्हणून राबत होती. सुटलेल्या गुलामांच्या मुलांना शिकवण्याच्या कामात हकीम पुढे होते. राजधानीतल्या नव्या शाळेची देखरेख त्यांनी केली, न्यायाधीश झाले, पुढे चेर्चेर प्रांताचे प्रमुख झाले आणि तिथे रस्ते बांधले.

१९३५ मध्ये ते इथिओपियाचे वकील म्हणून लंडनला होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुसोलिनीच्या फौजा देशात शिरल्या. विमानांतून विषारी वायू टाकला, रेड क्रॉसच्या दवाखान्यांवरही बॉम्ब पडले. सत्तरीचा हा डॉक्टर परदेशात मदत मागत फिरत होता. परतायला देश उरला नव्हता. लहानपणी उचलून नेले होते, म्हातारपणी बाहेरच अडकून पडले. त्यांचे दोन मुलगे, बेंजामिन आणि जोसेफ, इंग्लंडात शिकून इंजिनिअर झाले होते आणि देशाच्या कामासाठी परत गेले होते. फेब्रुवारी १९३७ मध्ये इटालियन अधिकारी ग्राझियानीवर अदिस अबाबात हल्ला झाला. त्यानंतर जी कत्तल झाली, त्यात दोघेही मारले गेले.

म्हणजे ज्यांना परत पाठवले, ते गेले. बापाने नंतर स्वतःला काय विचारले असेल, ते आम्ही कसे लिहावे?

देश सुटल्यावर १९४२ मध्ये हकीम परतले. त्याच वर्षी तिथे गुलामगिरी कायद्याने पूर्ण बंद झाली. १९५२ मध्ये ते वारले.

ही हकीकत आम्ही त्या मुलीला तिच्या घरी जाऊन सांगितली. आईने चहा ठेवला होता. मुलीने सगळे ऐकून एकच विचारले, "मग त्यांना त्यांची भाषा आली का परत?"

आली. त्यांनी मुलांसाठी जगाच्या भूगोलाचे पुस्तक लिहिले, ते त्यांच्या अम्हारी भाषेत.