मुरमाच्या खाणीची जमीन : तिचे गुणधर्म व तिचा उपयोग

सह्याद्रीच्या पूर्वेकडील डोंगरउतारांवर रस्ते व बांधकामे यांसाठी मुरूम काढलेल्या खाणी ठिकठिकाणी आढळतात. मुरूम संपला की खाण तशीच टाकून देण्यात येते. पुढे अनेक पावसाळे लोटले तरी तिच्या तळावर धड गवतही रुजत नाही. शेजारच्या उतारावर मात्र सीताफळ, बोर व करवंद वाढलेले असते. खडक तोच, पाऊसही तोच; मग हा फरक का पडावा? त्याचे उत्तर जमिनीच्या थरांत आहे.

थरांची रचना

हा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. ऊन, पाऊस व हवा यांच्या योगाने हा पाषाण झिजतो. लोह गंजल्याने त्यास तांबूस रंग येतो व त्याचा मुरूम बनतो. मुरमावर पालापाचोळा कुजून, मुळ्या व जिवाणू यांचे कार्य होऊन मातीचा पातळ थर तयार होतो. डोंगरउतारावर हा थर बहुधा वीतभरच असतो, आणि तो बनण्यास शेकडो वर्षे लागतात. खाण खणताना प्रथम नाहीसा होतो तो हाच थर.

खाणीच्या जमिनीचे गुणधर्म

दोन मिलिमीटरांहून मोठ्या कणांस खडे म्हणतात. पाणी व अन्नद्रव्ये धरून ठेवण्याचे काम मुख्यतः बारीक माती करते. दहा किलो नमुन्यात सहा किलो खडे निघाले, तर पिकाच्या वाट्यास चारच किलो माती येते, हे ध्यानात ठेवावे. सेंद्रिय द्रव्य नसल्याने नत्राची मोठी उणीव असते. खाणीच्या बाजूंमधून पाणी झरझर निघून जाते. तळ मात्र वाहनांच्या चाकांखाली दबल्यामुळे तेथे पाणी साचते व मुळ्या खाली उतरू शकत नाहीत.

जागेवरील परीक्षा

तळावर एक फूट खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा. पाणी रात्रभर टिकल्यास खाली दबलेला थर किंवा अभंग खडक आहे, असे समजावे. पांढरे खडे दिसल्यास त्यांची पूड करून तीवर लिंबाचा रस टाकावा. फेस आल्यास ती चुनखडी होय. अशा जागी झाडांना लोह नीट मिळत नाही व नवी पाने पिवळी पडतात. ही परीक्षा झाल्यावर नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेकडे अवश्य पाठवावा.

उपाय

सबंध खाण मातीने भरणे खर्चाचे असते व त्याची गरजही नसते. दबलेला तळ प्रथम फोडून घ्यावा व साचणाऱ्या पाण्यास वाट करून द्यावी. नंतर पाच मीटर अंतरावर दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे घ्यावेत. ते चांगली माती किंवा तलावातील गाळ आणि कुजलेले शेणखत यांनी भरून पावसाच्या आरंभी सीताफळ किंवा बोर लावावे. पुरंदर तालुक्यातील उतारांवर सीताफळाच्या बागा अशाच हलक्या जमिनीत प्रसिद्धीस आल्या आहेत. कडेने गिरिपुष्प लावल्यास त्याचा नत्रयुक्त पाला आच्छादनास मिळतो. खाणीचे उभे कडे ढासळण्याचा धोका असल्याने त्यांच्या पायथ्याशी खड्डे घेऊ नयेत.

खणण्यापूर्वीची दक्षता

तथापि, सर्वांत स्वस्त उपाय खाण सुरू होण्यापूर्वीचा आहे. एका गुंठ्यावरील अर्धा फूट माती सुमारे १५ घनमीटर भरते. वर सांगितलेल्या अंतराने एका गुंठ्यात चार खड्डे येतात व त्यांना एक घनमीटरही माती लागत नाही. म्हणजे एका गुंठ्याची जपून ठेवलेली माती १५ गुंठ्यांच्या लागवडीस पुरते! फेकून दिल्यास तीच माती पहिल्या पावसात ओढ्याला मिळते.

मुरूम हे गौण खनिज असून विक्रीसाठी ते काढण्यास महसूल खात्याची परवानगी लागते. अशी परवानगी मागितली जाईल त्याच वेळी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जमीनमालकाची भेट घ्यावी. वरची माती वेगळी काढून बाजूस ढीग करावा, त्यावर ताग किंवा गवत पेरावे व ढिगाभोवती चर काढावा, हे त्यास पटवून द्यावे. मुरमाचे पैसे एकदाच हाती येतात; माती राखली तर तीच जमीन पुढील पिढीसही फळ देईल.