बावटा उतरतो, मेसेज उतरत नाही

मंडळी, वर्सोवा म्हटलं की तुमच्यापुढे अंधेरीच्या पुढची इमारतींची गर्दी येते. घाटकोपरहून निघणारी मेट्रो २०१४ पासून वर्सोव्याला जाते खरी, पण त्या स्टेशनात उतरून समुद्र शोधू नका. तो आणखी रिक्षाने जाण्याइतका लांब आहे. तिथे मालाडच्या खाडीच्या तोंडाशी, मढच्या समोर, कोळ्यांचं जुनं गाव आहे. गावचे लोक त्याला वेसावे म्हणतात. बोंबील, कोळंबी, जवळा यांवर हे गाव पोसलं. तुमचं शेत आणि यांचा दर्या यांत फरक पुष्कळ. पण दोघांचंही पोट हवामानावर आहे, आणि दोघांच्याही खिशात आता मोबाईल आहे.

वादळाची खबर देण्यासाठी बंदरावर बावटा चढवायची पद्धत जुनी. हवामान खातं आजही बंदरांना नंबराने इशारा देतं. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ म्हटलं की कोकणातल्या पोरालाही कळतं. या बावट्याचे दोन गुण होते. ज्या बंदरावर लागला त्याच बंदराचा तो असे, आणि धोका टळला की खाली येई.

आता खबर व्हॉट्सॲपच्या गटात येते. समजा, मे महिन्यातल्या एका दुपारी कोळीवाड्याच्या गटात मेसेज पडला : ‘चक्रीवादळ मुंबईजवळ, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.’ तारीख नाही, साल नाही. १७ मे २०२१ ला हे वाक्य शंभर टक्के खरं होतं, तौक्ते वादळ त्या दिवशी मुंबईला खेटून गुजरातकडे गेलं. पण तेच वाक्य पुढच्या एखाद्या मे महिन्यात कोणी भल्या मनाने पुढे ढकललं तर? १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, म्हणजे मे महिन्यातला एकेक दिवस मोलाचा. डिझेल भरलेलं, बर्फ भरलेला, खलाशी आलेले, आणि तांडेल किनाऱ्यावर बसून. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा खरा इशारा आला तरी माणूस म्हणतो, ‘हे नेहमीचंच.’ यात जीव जातो. मूळ इशारा देणाऱ्याची चूक नसते. त्याने कोणत्या भागात, कधीपासून कधीपर्यंत, वारा किती, हे सगळं लिहिलेलं असतं. ते गाळतो पुढे पाठवणारा, आणि गाळलेलं न विचारता ‘धन्यवाद साहेब’ म्हणतो उत्तर देणारा.

मासळीच्या अंदाजाचंही तसंच. हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही केंद्र सरकारची संस्था मासळी कुठे सापडेल याचा अंदाज देते. तो किनाऱ्यावरच्या ठरावीक ठिकाणापासून दिशा, अंतर आणि खोली अशा हिशेबात असतो. ठिकाणाचं नाव उडालं आणि नुसतं अंतर राहिलं, तर त्या आकड्यावर तुम्ही होडी कुठे नेणार?

तुम्ही म्हणाल, हे कोळ्यांचं झालं, आमचं काय? आता आपल्याकडे या. कापसाच्या गटात एकाने बोंडअळीचा फोटो टाकला, दुसऱ्याने मिरचीवरच्या किडीचा. मध्ये वीस ‘शुभ सकाळ’ आणि वाढदिवसाचे तीन केक. मग जाणकार लिहितात, ‘दोन मिली प्रति लिटर, संध्याकाळी फवारा.’ कोणाला लिहिलं? कोणत्या पिकाला, कोणत्या औषधाबद्दल? दोघंही समजतात, मलाच सांगितलं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. त्याची कारणं वेगळी होती, पण औषधाच्या बाबतीत अर्धवट वाक्य किती महाग पडू शकतं हे कळायला तेवढं पुरे. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं त्या मेसेजवर बोट ठेवून उजवीकडे सरकवा. तो प्रश्न तुमच्या उत्तराच्या डोक्यावर येऊन बसतो. ही सोय २०१६ पासून आहे, फुकट आहे, आणि तरी निम्मे लोक वापरत नाहीत. प्रश्न लांबलचक असेल तर सगळा वर दिसत नाही, म्हणून नेमकं काय विचारलं ते चार शब्दांत लिहा : ‘कापूस, बोंडअळी, अमुक औषध.’ मग उत्तर.

याच्या उलटही एक खोड आहे. कोणाच्या दोन पानी मजकुराची कॉपी करून तो सगळा पुन्हा गटात चिकटवायचा आणि खाली लिहायचं ‘सहमत’. अहो, नेट पॅक संपतो लोकांचा! १९९५ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांना मिळू लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात या जाळ्यावरच्या जाणत्यांनी शिष्टाचाराचं एक टिपण काढलं, क्रमांक १८५५. उत्तर देताना मूळ मजकुरातलं संदर्भ कळण्यापुरतंच घ्या, असं त्यात तेव्हाच लिहून ठेवलंय.

खरं तर आपल्या कचेरीला हे नवीन नाही. पंचायत समितीचं पत्र आलं की ग्रामपंचायत अधिकारी (गावात त्यांना अजून ग्रामसेवकच म्हणतात) उत्तर लिहिताना आधी ‘विषय’ आणि मग ‘संदर्भ : आपले पत्र क्रमांक, दिनांक’ घालतात. अख्खं पत्र पुन्हा उतरवून काढत नाहीत आणि संदर्भ गाळतही नाहीत. हीच मंडळी गटात आली की ‘हो’, ‘झालं’, ‘उद्या’ एवढंच टाकतात. कशाला हो? पाण्याच्या टँकरला की ग्रामसभेच्या तारखेला?

तोडलेलं बोलणं

दुसऱ्याचं बोलणं अर्धं दाखवणं ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट. २०१८ साली देशभर एक व्हिडिओ फिरला : मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचं पोर उचलून नेतात. ती कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करणारी चित्रफीत होती. शेवटी ते पोराला परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला. उरलेला तुकडा ‘पोरं पळवणारी टोळी आली’ म्हणून गावोगाव गेला. त्या वर्षी अशाच अफवा आपल्याकडेही पसरल्या होत्या. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने पोरं पळवणारे समजून ठेचून मारलं. माणसं मंगळवेढ्याकडची होती. मारहाण ग्रामपंचायतीच्या खोलीतही झाली.

त्याच महिन्यात पुढे ढकललेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दिसू लागली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आली. पुढच्या वर्षी, फार वेळा फिरलेल्या मेसेजला दोन बाणांची खूण मिळाली. दोन बाण दिसले की थांबा, आणि त्याच मेसेजला धरून विचारा : ‘हे कुठलं, कधीचं, तुम्हाला कोणी दिलं?’ गावात असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं, विशेषतः पाठवणारे अण्णा किंवा मास्तर असतील तर. म्हणून ‘अण्णा, यावर तारीख दिसत नाही, जरा बघाल का?’ असं लिहा. अण्णा रागावत नाहीत. रागावले तर फोन करा, गटात वाद नको. आणि त्यांनी तुम्हाला खासगीत लिहिलेलं, फोटो काढून गटात टाकू नका. ते तर घरातलं बोलणं चावडीवर नेण्यासारखं झालं.

गटप्रमुखांना भीती असते की कोणी काही टाकलं तर गुन्हा आपल्यावर. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की समान हेतू किंवा संगनमत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ गटप्रमुख आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. कायद्याचं एवढं. पण गावचा गटप्रमुख बहुधा सरपंच, सोसायटीचा सचिव नाहीतर शाळेचे गुरुजी असतात, आणि लोक त्यांच्या गटात आलेलं ‘सरकारी’ समजतात. चुकीचा मेसेज नुसता काढून टाकला तर ज्यांनी आधीच वाचला त्यांना कळत नाही. काढण्याआधी त्यालाच धरून लिहा, ‘हा २०२१ चा इशारा आहे, आजचा नाही.’ तुमच्या उत्तरावर त्याचा तुकडा चिकटून राहतो, म्हणून मागून येणाऱ्यालाही समजतं.

आणि इशारा खरा असेल, तर मुदत संपताच त्याच मेसेजखाली दोन ओळी टाकण्याचं काम एका माणसाकडे आजच सोपवून ठेवा : ‘वरचा इशारा काल संध्याकाळी संपला. नवीन आलेला नाही. समुद्रात अडचण आल्यास तटरक्षक दल, १५५४.’ शेतीच्या गटात १५५४ च्या जागी तुमच्या तालुका कृषी कार्यालयाचा नंबर येईल.