सीमेवर संपणारी सवलत

झरी जामणी तालुक्यातील स्त्रीला पैनगंगेपलीकडील आदिलाबाद परके नाही. बसचे तिकीट मात्र तिला परकी ठरविते. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्राने स्त्रियांना एस.टी.चे भाडे निम्मे केले. ती सवलत राज्याच्या सीमेपर्यंतच. तेलंगणाने ९ डिसेंबर २०२३ पासून दिलेला मोफत बसप्रवास तेथील रहिवासी स्त्रियांपुरताच. परिणामी सीमेपलीकडे एकाच बाकावर एक फुकट जाते, तर दुसरी पूर्ण भाडे मोजते. मुकुटबनहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे हा भेद जाणत नाही. तिचे भाडे अंतरावर ठरते. परंतु गाडीची वेळ गरजेच्या वेळेशी जुळेलच असे नाही. मग उरते ती निवड नव्हे, निरुपाय! सीमावर्ती तालुक्यांपुरती तरी उभय राज्यांनी एकमेकांच्या प्रवाशांना सवलत द्यावी, हेच न्याय्य होय.