एका वाक्याची जागा

‘नॉस्टॅल्जिया’ला आपण मराठीत ‘स्मरणरंजन’ म्हणतो. मूळ शब्द १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी घडवला. त्यात ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडलेले आहेत. परमुलखात राहणारी माणसे घराच्या ओढीने खंगतात, त्या आजाराचे हे नाव होते. पुढे परक्या फौजांत चाकरी करणाऱ्या स्विस सैनिकांशी हा आजार विशेष जोडला गेला. मराठी प्रतिशब्दात वेदना उरली नाही, तिथे रंजन आले. पण ‘रञ्ज्’ या धातूचा एक अर्थ ‘रंगवणे’ असाही आहे. आठवण रंगवली जाते ती कशी आणि कशासाठी, हे पाहायला अमेरिकेतले एक उदाहरण बोलके आहे.

लू गेरिग हा न्यूयॉर्क यांकीज संघाचा बेसबॉलपटू. १९२५ ते १९३९ या काळात तो सलग २,१३० सामने खेळला. १९३९च्या मे महिन्यात हातपाय साथ देईनात, म्हणून तो स्वतःहून संघाबाहेर बसला. जूनमध्ये निदान झाले. स्नायूंना हालवणाऱ्या चेतापेशीच मरत जाणारा, उपाय नसलेला तो आजार होता. ४ जुलैला यांकी स्टेडियममध्ये साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर त्याने निरोपाचे छोटे भाषण केले. २ जून १९४१ रोजी, वयाची अडतिशी गाठण्याआधीच, तो गेला.

सहा महिन्यांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. युद्धकाळात खेळ चालू ठेवावा का, या प्रश्नावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १५ जानेवारी १९४२च्या पत्रात उत्तर दिले : लोकांना आता जास्त तास राबावे लागणार, त्यांना विरंगुळा हवाच, मात्र लष्करी वयाच्या खेळाडूंनी सैन्यात जावे. मोठ्या संघांतले पाचशेहून अधिक खेळाडू युद्धकाळात गणवेशात गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘द प्राइड ऑफ द यांकीज’ हा गेरिगवरचा चित्रपट आला. गॅरी कूपर नायक होता, तर बेब रूथने पडद्यावर स्वतःचीच भूमिका केली होती. आरंभीच्या निवेदनात गेरिगच्या धैर्याचे नाते रणांगणावर लढणाऱ्या तरुणांशी जोडले होते.

या चित्रपटाने एका वाक्याची जागा बदलली. मूळ भाषणात गेरिग आपल्या दुर्दैवाचा उल्लेख करतो आणि लगेच म्हणतो, की आज मी स्वतःला या पृथ्वीवरचा सर्वांत भाग्यवान माणूस समजतो. मग तो कारणे देतो : सोबती, प्रशिक्षक, आईवडील, सासू, पत्नी. शेवट करताना म्हणतो, की वाट्याला वाईट आले असले, तरी जगण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ आहे. म्हणजे ते भाषण जगू पाहणाऱ्या माणसाने मांडलेला हिशेब होते. चित्रपटात भाग्याचे वाक्य अगदी शेवटी येते, आणि नायक काळोख्या बोगद्यातून निघून जातो. जगण्याचा दावा मरणाचा निरोप झाला. ज्या घरांतली मुले आघाडीवर होती, त्यांना अशाच निरोपाची गरज होती. १९४३ साली कूपर पॅसिफिकमधल्या तळांवर गेला, तेव्हा सैनिकांच्या आग्रहावरून त्याने तेच भाषण म्हणून दाखवले. मूळ भाषणाचे संपूर्ण ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. वृत्तपटातली मोजकी वाक्ये तेवढी उरली आहेत. त्यामुळे अनेकांच्या कानात गेरिग बोलतो तो कूपरच्या आवाजात.

रंग चढतो तसे काही झाकलेही जाते. राष्ट्राचा म्हणवला जाणारा हा खेळ तेव्हा मोठ्या संघांत फक्त गोऱ्यांचा होता, आणि सैन्यातही तुकड्या वेगळ्या होत्या. १९४४ साली लष्करी बसमध्ये मागे जाऊन बसण्यास नकार दिला, म्हणून जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यावर लष्करी खटला चालला. तो निर्दोष सुटला आणि १९४७च्या एप्रिलमध्ये त्यानेच मोठ्या संघांची दारे उघडली. जॉश गिब्सन हा थोर फलंदाज त्याआधी तीनच महिने वारला होता. कृष्णवर्णीयांच्या लीगमधल्या त्याच्या धडाक्याची अधिकृत विक्रमांत नोंद व्हायला २०२४ साल उजाडावे लागले. आता कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत तो सर्वांच्या वर आहे. ‘बेसबॉलचा सुवर्णकाळ’ हे शब्द जुन्या चाहत्याच्या तोंडून ऐकताना हे नाव शेजारी ठेवले, की तोच काळ वेगळा दिसू लागतो.

म्हणून तो चित्रपट पाहू नये, असे नाही. युद्धाच्या वर्षात त्याने अनेकांना धीर दिला, हेही खरेच. पाहून झाल्यावर वृत्तपटातला तो तुकडा मात्र जरूर ऐकावा. ध्वनिक्षेपकातून आवाज घुमतो आहे, शब्द अडखळत येतात. आधी दुर्दैव, मग भाग्य, हा त्याचा स्वतःचा क्रम तिथे अजून शाबूत आहे.