हजारी ११२२ स्त्रिया: एका आकड्याचा विपर्यास

संगमेश्वर तालुक्याची कचेरी ज्या देवरूखात आहे, त्या आमच्या गावी समारंभ कोणताही असो, भाषणात एक विधान हटकून येते आणि त्यावर टाळ्याही पडतात: रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, त्या अर्थी कोकणी माणूस कन्याजन्माचे स्वागत करतो. यातला आकडा २०११ च्या खानेसुमारीचाच आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र निखालस खोटा आहे.

कन्याजन्माविषयी खानेसुमारीला विचारावयाचे, तर सहा वर्षांपर्यंतच्या बालकांचा स्वतंत्र रकाना पाहावा लागतो, आणि तो पाहण्याचे कष्ट वक्ते घेत नाहीत. त्या रकान्यात याच जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ९३६ मुली आहेत. २००१ मध्ये त्या ९५२ होत्या. निसर्गतः शंभर मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजारी साडेनऊशे मुली हे स्वाभाविक प्रमाण. राज्याच्या ८९४ शी तुलना करता आपण बरे, हे मान्य. पण दहा वर्षांत सोळांनी उतरलेल्या आकड्याला टाळ्या कशाच्या?

मग या अधिक स्त्रिया आल्या कोठून? त्या कोठून आल्या नाहीत, पुरुष गेले. शिधापत्रिकेवर नाव कोठे आहे, सातबाऱ्यात हिस्सा कोठे आहे, गणपती कोणत्या घरी बसतो, यांपैकी कशाचीही दखल न घेता खानेसुमारी माणसाला मोजते ती त्याचे नित्याचे वास्तव्य जेथे असेल तेथे. आणि २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत, म्हणजे शिमग्याला चाकरमानी गावी येण्याच्या आधीच, उरकली होती. ते मोजले गेले मुंबईत, जेथे हजार पुरुषांमागे शहरात ८३२ आणि उपनगरांत ८६० स्त्रिया भरल्या. ही दोन्ही प्रमाणे शेजारी ठेवून वाचली की कोडे उरत नाही. मुंबईची ही वाट आजची नव्हे. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटिअरातही तिची नोंद आहे. भातलावणीपासून सासूसासऱ्यांच्या औषधपाण्यापर्यंत सारा प्रपंच एकटीने रेटणाऱ्या स्त्रियांच्या या शिरगणतीला आपण सुधारणेचे प्रशस्तिपत्र म्हणून मिरवावे, याचा मला मनस्वी संताप येतो. (२००१ मध्ये हेच प्रमाण ११३६ होते. ते उतरले, यावरून आता सुनाही मुंबईची गाडी धरू लागल्या असाव्यात, असा माझा तर्क आहे.)

जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, तेव्हा कोकणात मुलेच होत नाहीत, अशीही हाकाटी झाली. जन्मप्रमाण उतरले आहे खरे, परंतु इथली माणसे बाहेरही गेली आणि त्याच दशकात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला, हे विसरून चालणार नाही.

देशाची लोकसंख्या अधिकाधिक वेगाने वाढते आहे, हा समज तर सुशिक्षितांतही दृढ आहे. १९९१ ते २००१ या दशकातली साडेएकवीस टक्क्यांची वाढ पुढच्या दशकात पावणेअठरावर आली. लोकसंख्या स्थिर राहण्यास दर स्त्रीमागे सुमारे २.१ मुले लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा आकडा १.७ आहे.

लोकसंख्या घटल्याचे भारताने कधी पाहिलेच नाही, हेही खरे नव्हे: १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे १९२१ च्या खानेसुमारीत ती आधीच्यापेक्षा कमी भरली.

खानेसुमारीत सांगितलेली माहिती प्राप्तिकर खात्याकडे जाते, अशी भीती बाळगणाऱ्यांनी १९४८ च्या जनगणना कायद्याचे पंधरावे कलम वाचावे. ही दप्तरे गोपनीय असून पुराव्यात ग्राह्य धरली जात नाहीत.

२०२१ ची लांबलेली खानेसुमारी आता २०२७ मध्ये, १ मार्च ही तारीख धरून, व्हावयाची आहे, आणि त्या वर्षीही शिमगा त्यानंतरच आहे. मुंबईतल्या मुलाचे नाव गावच्या यादीत न घातल्यास त्याचा घरावरील हक्क बुडेल, असे समजून पुष्कळ वडीलधारी मंडळी ते आग्रहाने सांगतात. घराच्या हक्काशी या यादीचा काडीचाही संबंध नाही. मुलगा तिकडे मोजला जाणारच. इकडेही सांगितलात तर तो दोनदा मोजला जाईल.